पट्टा दुरुस्त होणार की नाही, हे तो विकत घेतानाच ठरते

नाशिकच्या मेन रोडवर किंवा शालिमारला दोन-तीनशे रुपयांत ‘प्युअर लेदर’ म्हणून मिळणारे बरेच पट्टे वर्षभरात सोलवटतात, आणि मग लोक म्हणतात की हल्ली चामड्यात दम राहिलेला नाही. मुळात ते अखंड चामडे नसतेच. चामड्याचा भुगा चिकटद्रव्यात कालवून त्याचा पत्रा लाटलेला असतो, वर पॉलियुरेथेनचा पातळ थर देऊन त्यावर कातड्याची नक्षी उठवलेली असते. दमट हवेत हा थर हळूहळू विघटित होतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. असा पट्टा कितीही कुशल कारागिराकडे नेला, तरी तो शिवणीच्या छिद्रांच्या रेषेतच पुन्हा फाटतो. म्हणून खरेदी करताना बकलाची चमक पाहण्यापेक्षा पट्ट्याची कापलेली कड आणि आतली बाजू पाहावी. तेथे धागेदार तंतू दिसले, तरच पैसे मोजावेत. म्हशीचे जाड कातडे यासाठी उत्तम असते, त्याचा पोत जरा खरखरीत असला तरी.

अखंड कातड्याचा पट्टा सहसा सर्वांत आधी बकलाजवळ जातो, कारण तेथे तो पूर्ण दुमडलेला असतो आणि रोजचा ताण त्याच घडीवर पडतो. गटई कामगार रापीने चिरलेला भाग कापतो, नवी घडी आतून थोडी तासून पातळ करतो, आरीने छिद्रे पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालतो. यात पट्टा थोडा आखूड होतो, पण पुढे बरीच वर्षे चालतो. एवढ्या कामाचे शंभर रुपये सांगितले की आपण घासाघीस करतो, आणि तेच आपण मॉलमधील छापील किमतीपुढे गप्प असतो. हे मला अजिबात पटत नाही. नवे भोकही त्याच्याकडूनच गोल पंचाने पाडून घ्यावे. घरी खिळा ठोकून पाडलेल्या भोकाच्या कडा फाटक्या राहतात आणि चीर तेथूनच पुढे सरकते.

निगा राखताना नाशिकची हवा लक्षात घ्यावी लागते. पावसाळ्यात बंद कपाटात पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. ती कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी, पट्टा सावलीत वाळवावा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नये. भिजलेला पट्टा उन्हात किंवा गिझरच्या पाइपवर टाकला, तर कातडे कडक होऊन तडकते. थंडीत येथील हवा कोरडी पडते, तेव्हा लेदर क्रीम किंवा मधमाशांचे मेण मिसळलेले तेल अगदी थोडे, फडक्यावर घेऊन चोळावे आणि रात्रभर मुरू द्यावे. तेल जास्त झाले तर कातडे काळवंडते, सैल पडते आणि भोके ताणली जातात. बुटाचे पॉलिश मात्र टाळावे, कारण त्याचा रंग शर्टाला लागतो.

पट्टा सैल होऊ लागला असेल, तर टोकाकडून कापू नये. बकल काढून त्या बाजूने कापले की टोकाचा आकार आणि भोकांची जागा दोन्ही टिकतात. भरीव पितळी बकल तर पट्टा पूर्ण संपल्यावरही नव्या पट्टीवर बसवता येते. मुलामा दिलेल्या हलक्या धातूच्या बकलासाठी तो खटाटोप करू नये.