किलोभर गांजा ‘अल्प’ आणि सिरपची एक बाटली जास्त?

तुळजापुरातलं एमडीचं (मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचं) प्रकरण उघडकीला आल्यापासून आपल्याकडे अमली पदार्थांबद्दल दोनच मतं ऐकू येतात. सगळ्यांना आत टाका, नाहीतर पोर्तुगालसारखं करा, स्वतःपुरतं बाळगणाऱ्याला गुन्हेगार धरू नका. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण आजचा वजनाचा तक्ता तसाच ठेवून ही सूट दिली, तर ती भलत्याच माणसाला मिळेल.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात ‘अल्प प्रमाण’ ठरवून दिलंय, त्याच्या आत शिक्षा कमी. गांजा 1 किलो, एमडी 2 ग्रॅम, हेरॉइन 5 ग्रॅम, अल्प्राझोलम 5 ग्रॅम, कोडीन 10 ग्रॅम. आता मेख बघा. 2020 च्या हिरा सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शुद्ध द्रव्य मोजायचं नाही, भेसळीसकट मिश्रणाचं एकूण वजन धरायचं. हेरॉइनच्या पुडीला ते एकवेळ समजू शकतं. पण ‘बटन’ला, म्हणजे नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमच्या गोळीला, लावून बघा. अर्धा मिलिग्रॅम औषधाची गोळी, तिचं एकूण वजन 100 मिलिग्रॅमच्या आसपास धरा. बाकी सगळी पावडर. म्हणजे 50 गोळ्यांत, 10-10 च्या पाच स्ट्रिपमध्ये, खरं औषध 25 मिलिग्रॅम. पण काट्यावर 5 ग्रॅम. सहावी स्ट्रिप खिशात निघाली की पोरगा ‘अल्प’च्या बाहेर, शिक्षा एका वर्षावरून थेट दहा वर्षांपर्यंत.

कोडीन असलेल्या खोकल्याच्या सिरपचं तर विचारूच नका. 5 मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम कोडीन, म्हणजे 100 मिलिलिटरच्या बाटलीत 200 मिलिग्रॅम. पण पातळ औषधाचं वजन शंभर ग्रॅमच्या वर भरतं. एकच बाटली अल्प प्रमाणाच्या दसपट! औषधी वापराच्या सिरपला अधिसूचनेत सूट आहे, पण ती नशेसाठी बाळगलेल्या बाटलीला लागू होते का, यावर कोर्टात वकील भांडत बसतात. तोवर पोरगं हर्सूलच्या तुरुंगात.

आणि गांजा? 900 ग्रॅम घेऊन फिरणारा ‘अल्प’. ओढणाऱ्याला एवढा लागतो का हो? तो पुड्या बांधणारा असतो. पोर्तुगालने 2001 मध्ये दहा दिवसांच्या वापराचा हिशेब धरला, गांजाला 25 ग्रॅम, हेरॉइनला 1 ग्रॅम. आपली गांजाची मर्यादा त्याच्या चाळीसपट.

पोर्तुगालचं नाव घेणारे दुसरी गोष्टही गाळतात. पकडलेला माणूस तिथे तीन जणांच्या आयोगापुढे जातो आणि त्यामागे उपचारांची यंत्रणा उभी होती. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने फेब्रुवारी 2021 पासून स्वतःपुरतं बाळगणं गुन्ह्यातून काढलं आणि नुसती शंभर डॉलर दंडाची पावती फाडायला सुरुवात केली. हेल्पलाइनला फोन केला की दंड माफ. फोन फार थोड्यांनी केले. त्याच काळात फेंटानिल हे हेरॉइनपेक्षाही जहाल द्रव्य बाजारात शिरलं, मृत्यू वाढले, आणि सप्टेंबर 2024 पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. मृत्यू कायद्यामुळे वाढले की फेंटानिलमुळे, हा वाद अजून चालूच आहे. म्हणून नुसता आधीचा-नंतरचा आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अटका तर घटणारच, गुन्हाच काढून टाकल्यावर दुसरं काय होणार?

मोजायचं असेल तर हे मोजा: पकडल्यापासून किती दिवसांत उपचार सुरू झाले, सहा महिन्यांनी किती जण टिकले, आणि तुरुंगातून सुटल्यावर पहिल्या पंधरवड्यात किती मेले. हेरॉइनवाल्याची सहनशक्ती आत असताना उतरते, बाहेर येऊन तो जुनाच डोस घेतो आणि श्वास थांबतो. बटनवाल्याचा धोका उलटा. रोजच्या गोळ्या एकदम तुटल्या की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, आणि नेमके तेच दिवस कोठडीचे असतात. गोळी हळूहळू कमी करत आणावी लागते, तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली.

गंमत म्हणजे अर्धी वाट आजही उघडी आहे. याच कायद्याच्या कलम 64-अ नुसार अल्प प्रमाणातला व्यसनी सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. आरोपीला हे पहिल्याच दिवशी कोण सांगतं? मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या विशेष न्यायालयांत या कलमाखाली किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले, एवढी माहिती आरटीआयमध्ये मागा. अर्जात वर्षवार आकडे आणि पदार्थाचं नाव वेगवेगळं मागायचं, नाहीतर एकत्र बेरीज हातात येते आणि बटन किती, गांजा किती, काहीच कळत नाही.