‘एवढंच?’ म्हणणाऱ्यांसाठी

जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात कवयित्री बहिणाबाईंचं घर बघून झालं की बरेच जण म्हणतात, “एवढंच?” पुण्याहून आलेल्या आमच्या नणंदबाईही म्हणाल्या. पाहुण्या म्हणून तेव्हा गप्प बसले, पण इथे बोलते.

हो, एवढंच. तलवारी नाहीत, झुंबरं नाहीत. शेतकऱ्याच्या घरात असतं तेच आहे: भांडीकुंडी, जातं, शेतीची अवजारं. घरच्यांनी जपलं म्हणून दिसतंय तरी.

कवीचं स्मारक म्हटलं की आपल्याला टाक, चष्मा, हस्तलिखितं हवी असतात. ती इथे कुठून आणणार? 1880 साली असोद्यात जन्मलेली ही बाई, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आली, तिशीत विधवा झाली. पुढे शेत बघितलं, मुलं वाढवली. अक्षरओळख नाही. काम करता करता ओठावर येईल ते ती म्हणायची आणि तिचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ते उतरवून घ्यायचे. 3 डिसेंबर 1951 ला ती गेली आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली 1952 मध्ये. स्वतःचं पुस्तक तिनं पाहिलंच नाही! मग तिची कविता शोधायची कुठे? त्या अवजारांपाशीच ना!

मी जात्यापाशी रेंगाळले. जातं ओढलेल्या बायकांना सांगायला नको: उजव्या हातानं खुंटा फिरवायचा, डाव्यानं तोंडात मूठ सोडायची. घास जास्त पडला की पीठ भरड येतं, कमी पडला की दगडावर दगड घासतो. हात असा लयीत अडकलेला, पण डोकं मोकळं. तेही पहाटे, घर झोपलेलं असताना. दिवसभरात बाईला कुणी हाक मारत नाही अशी तेवढीच वेळ. गाणी तिथे सुचली नसती तरच नवल.

सासूबाई मात्र जातं बघून हसायलाच लागल्या. “हे तं आपल्या घरी बी व्हतं. तुह्या सासऱ्यानं मोरीले पायरी केली त्याची.” नणंदबाईंना तिथेच आठवलं, त्या पायरीवर बसून त्या लहानपणी पाय धुवायच्या. पुढचा अर्धा तास मायलेकी त्या घरातून हलेनात. कुठे काय ठेवलेलं असायचं, कोण किती दळायचं, कुणाची सासू कशी खाष्ट होती, सगळं निघालं. काचेतली तलवार बघून कुणाला असं बोलायला सुचतं का, सांगा.

खरा राग मला आपल्याच लोकांचा येतो. 2018 पासून विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. आमच्या पोरांच्या पदवीवर ते छापून येतं, पण घर कुठे आहे विचारलं तर रिक्षावाल्याकडे बघतात. शाळांच्या सहली वॉटर पार्कला. बाहेरचे पाहुणे जळगाव स्टेशनला उतरतात ते थेट अजिंठ्याला, जणू मधलं गाव म्हणजे गाडी बदलायची जागा. (अजिंठा बघाच, त्याच्याशी माझं भांडण नाही.)

एकच विनंती. जाताना घरातली सगळ्यात म्हातारी बाई सोबत न्या. तिच्याशिवाय गेलात तर खरंच तुम्हाला ‘एवढंच’ दिसेल. आणि हो, नणंदबाई दिवाळीत परत येताहेत. या वेळी त्यांना असोदाही बघायचंय म्हणे.