‘ना दूध ना तूप, पोर उपाशी’: २ स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार काकू,

तुमचा अभिप्राय शुक्रवारी रात्री वाचला. काल स्वयंपाकघरातल्या तिघींना वाचून दाखवला. आज रविवार, डबे बंद, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या पाळणाघरांत आम्ही १ ते ३ वर्षांच्या मुलांचे व्हीगन (म्हणजे दूध-तूप, अंडी, मांस असं प्राण्यांपासूनचं काहीच नसलेले) डबे पोचवतो. काकूंच्या दीड वर्षाच्या नातवाला महिनाभर डबा चालू आहे. त्यांचं म्हणणं असं: डब्यात दूध नाही, तूप नाही, पोर चार वाजता भुकेनं रडतं, लाडवात शेंगदाण्याचा तुकडा निघाला, दुधाला ‘सोया पेय’ असं काहीतरी गोलमाल नाव लिहितात, आणि ‘चमचाभर तूप घाला’ म्हटलं तर बाईंनी फोन ठेवला.

आधी लाडू, कारण त्यात सगळी चूक माझी आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा होता, असं तुम्ही लिहिलंत. एवढा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत हे आमच्या भिंतीवर लिहिलेलं आहे, तरी हे झालं. मिक्सरचं पातं बोथट झालं होतं आणि कूट न चाळताच लाडू वळले गेले. आता पातं बदललंय, कूट रव्याच्या चाळणीतून चाळतो, आणि २ वर्षांखालच्या मुलांचे लाडू बंदच केलेत. दाण्याचं कूट खिचडीत शिजवून किंवा मऊ भाकरीला पातळ लावून जातं. त्या आठवड्याच्या सहाही डब्यांचे पैसे परत करते आहे.

भुकेचंही तुमचं खरं आहे. हे मान्य करायला मला जास्त जड गेलं. वही काढून बघितलं तर त्या पंधरवड्यात हातसडीचा तांदूळ, सालासकट मटकी आणि भाज्याच भाज्या होत्या. तेल मात्र चमचाभरसुद्धा नाही. मोठ्यांच्या डाएटचं खूळ मुलांच्या डब्यात शिरलं होतं. या वयात पोट एवढंसं आणि दिवसाची गरज साधारण १००० कॅलरींची. चोथ्यानं वाटी भरते, पोट गच्च होतं, पण दोन तासांत पुन्हा भूक लागते. मोठ्या माणसाला जे ‘हेल्दी’, ते दीड वर्षाच्या पोराला अपुरं पडू शकतं. तुमच्या पिढीनं मऊ भातावर तूप सोडलं ते उगीच नव्हतं. आम्ही तूप घालणार नाही, पण त्याची जागा रिकामी ठेवणं चुकीचंच होतं. आता साधा तांदूळ आणि मूगडाळ, वर दाण्याचं किंवा तिळाचं तेल, कधी नारळाचं घट्ट दूध. उसळ मोड आणून, गाळीव. चार वाजताचा छोटा डबाही पुढच्या महिन्यापासून त्याच पैशांत.

आता दूध. ‘सोया पेय’ लिहून आम्ही काही लपवत नाही. वनस्पतीपासून केलेल्या पेयांच्या वेष्टनावर ‘दूध’ लिहू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२१ साली सांगितलं, म्हणून ते नाव. (नारळाच्या दुधाला मात्र सूट आहे, काय समजायचं ते समजा!) आम्ही घेतो ते बिनसाखरेचं आणि कॅल्शियम घातलेलं पाकीट. ते कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून ओतण्याआधी नीट हलवावं लागतं. पाळणाघरातल्या ताईंना हे दोनदा सांगितलंय, तिसऱ्यांदा चिठ्ठी लावते. बदामाचं किंवा तांदळाचं घरी केलेलं ‘दूध’ म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. त्याच्या भरवशावर कुणी राहू नये.

‘नाचणी आहे ना, मग कॅल्शियमचं काय’ असं मीही म्हणायचे. हिशेब करून बघा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, पण एका वाटी सत्त्वाला पीठ लागतं फार तर २० ग्रॅम. म्हणजे ७० मिलिग्रॅम, आणि या वयाला दिवसाला हवं ५००. म्हणून नाचणीबरोबर सोया पेय, बिनपॉलिशच्या तिळाचं कूट, शेवग्याचा पाला असं सगळं जोडावं लागतं. पालक त्यात धरत नाही, त्यातलं कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही. लोहासाठी डाळी आणि अळीव आहेत, आणि ते लोह नीट शोषलं जावं म्हणून वरणावर लिंबू पिळतो. म्हणूनच डबा थोडा आंबट लागतो. ती चव बिघडलेली नसते, काकू.

एक गोष्ट मात्र आमच्या डब्यातून मिळणार नाही: बी १२ जीवनसत्त्व. इडली, आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना (शेवाळाची पूड), कुणी काहीही सांगो, त्यावर विसंबता येत नाही. व्हीगन मुलाला त्याचे थेंब लागतातच, आणि अंगावर पाजणारी आई व्हीगन असेल तर तिलाही गोळी लागते. कमतरता उशिरा लक्षात आली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून नाव नोंदवताना आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि मात्रा बालरोगतज्ज्ञांनी ठरवायची. वजन-उंचीचा तक्ताही तेच बघतील. व्हीगन जेवण या वयात नीट निभावतं, पण डोळे मिटून नाही.

राहिलं तूप आणि फोन. मुलाला काय द्यायचं हे त्याच्या आईबाबांनी लिहून दिलंय. त्यांना न सांगता मी चमचाभर तूप घातलं, तर उद्या कुणाला न सांगता आणखी काय घालेन, याचा भरवसा कोण देणार? तुमचा जीव तुटतो ते कळतं. ‘नाही’ हे नीट बोलून सांगता आलं असतं, फोन ठेवायला नको होता. तेव्हा ११ वाजून २० मिनिटं झाली होती, चौतीस डबे ओट्यावर आणि रिक्षावाले काका दारात हॉर्न वाजवत होते. तरी चुकलंच, माफ करा.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात या. नव्या खिचडीची चव तुम्हीच आधी बघा. यायच्या आधी फोन केलात तर मीच उचलेन, फक्त अकरा ते पावणेबारा सोडून.