कसलं कव्हर?

मृग लागायला दोन दिवस उरले होते. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीसाठी मी दापोलीच्या बाजारात गेलो होतो आणि सुकट निवडून घेत होतो, तेवढ्यात घरून फोन आला.

"अहो, येताना …चं कव्हर आणा! आईंना आजच पाहिजे. आणि मागच्यासारखं नका क—"

फोन गेला. आमच्या वाडीत रेंज फक्त विहिरीच्या रहाटापाशी येते. बायको तिथे उभी राहून बोलते आणि बोलता बोलता सवयीने विहिरीत डोकावते. डोकावली की रेंज गेली. मी उलट फोन लावला, तर नेहमीच्या बाई म्हणाल्या, "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे." म्हणजे कव्हर मागणारीच कव्हरच्या बाहेर. वाऱ्याने 'कशाचं' हा शब्द नेला आणि 'कव्हर' तेवढं माझ्या कानात टाकलं. उलट केलं असतं तर काय बिघडलं असतं? नुसतं "उशीचं" असं ऐकू आलं असतं तरी माझं काम झालं असतं.

त्यात मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. "कव्हर म्हणजे आच्छादन" असं फळ्यावर लिहून 21 वर्षं पगार घेतला आहे. 'आच्छादन' हा शब्द फळ्याबाहेर मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, पण मुलं तो परीक्षेत लिहितात आणि मी मार्क देतो.

समोरच्या दुकानात शिरलो आणि म्हणालो, "एक कव्हर द्या."

"कसलं, सर?"

"काय काय आहे?"

हे विचारायला नको होतं. दुकानदाराला बहुधा सकाळपासून कोणी इतकी आपुलकी दाखवली नव्हती. मोबाईलचं, रिमोटचं, मिक्सरचं, गॅस सिलिंडरचं, सोफ्याचं, टीव्हीचं, हेल्मेटचं, वॉशिंग मशीनचं (वरून उघडतं की पुढून, सर?), स्कूल बॅगवर पावसात घालायचं आणि छत्रीचं. छत्रीला कव्हर कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "भिजून खराब होऊ नये म्हणून."

मी विचार केला, घाबरायचं कारण नाही. 'आईंना पाहिजे' एवढा धागा हातात आहे. आईच्या मालकीच्या वस्तू किती? चष्मा, जपाची माळ, पोथ्या, बटणांचा मोबाईल, बंद पडलेला रेडिओ आणि मी. चष्म्याला कव्हर नसतं, घर असतं. माळेला गोमुखी असते. मोबाईल ती दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून वर रबर लावते, त्याला नीट पाऊच हवा असेल. घेतला. उशीही तिचीच, म्हणून उशीची दोन घेतली. नातीची शाळा 15 जूनला उघडते आणि पुस्तकांचा घोषा आजीच जास्त लावते, म्हणून ब्राऊन पेपरचा रोल घेतला. वॉशिंग मशीन मागच्या पडवीत आहे, तिथे झड येते आणि "यंत्र भिजतंय रे" हे आईचं जून ते सप्टेंबरचं पालुपद आहे. म्हणून तेही घेतलं. वरून उघडणारं, चेनवालं, निळ्या फुलांचं.

दुकानदार हिशेब करता करता म्हणाला, "गाडीचं नको?"

माझ्या काळजात एक नारळ पडला.

त्याची हकीकत अशी. माडाखाली गाडी लावू नये हे कोकणात रांगत्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं, पण ऊन होतं आणि तेवढीच एक सावली होती. नारळाला डोळे असतात, तो माणसावर पडत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. ते माणसापुरतंच खरं असावं. शेजाऱ्यांच्या माडावरून एक सुकलेला नारळ सुटला आणि माझ्या स्कूटरच्या तोंडावर उतरला. हेडलाइट फुटला, काटा शून्यावर कायमचा बसला. मी शांत होतो. गाडी घेतली तेव्हाच शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "पाच वर्षं कव्हर आहे, काका, झोपा निवांत." 2018 च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यातलं 'पाच वर्षं' आणि 'कव्हर' मी नीट ऐकलं होतं. थर्ड पार्टीच्या वेळी बहुधा पेढा खात होतो.

विमा एजंटला फोन केला. हा माझाच जुना विद्यार्थी. इंग्रजीत जेमतेम पास झालेला.

"सर, हे कव्हरमध्ये येत नाही. तुमचं थर्ड पार्टी आहे."

"म्हणजे?"

"पहिली पार्टी तुम्ही, दुसरी कंपनी, तिसरी म्हणजे ज्याला तुमची गाडी धडकेल तो."

"अरे, इथे नारळ मला धडकला."

"तेच सांगतोय. तुम्ही जाऊन शेजाऱ्यांच्या माडाला धडकला असतात, तर त्यांची नुकसानभरपाई कंपनीने दिली असती. दुचाकीला 1 लाखापर्यंत."

"माड शेजाऱ्यांचाच आहे."

"हो, पण तुम्ही धडकला नाहीत ना, सर!"

हे तो इतक्या हळहळत म्हणाला की मला माझीच चूक वाटायला लागली. पुढे म्हणाला, "ओन डॅमेजचं, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं, एक्स्ट्रा कव्हर घेतलं असतंत तर…" एक्स्ट्रा कव्हर हे मला फक्त क्रिकेटमधलं माहीत होतं. मळ्यातल्या मॅचमध्ये मला कायम तिथेच उभं करत, कारण तिथे चेंडू क्वचित येत असे. आला की सुटत असे. त्याच संध्याकाळी शेजारी आले. सहानुभूती दाखवायला आले असतील म्हणून मी चहा ठेवायला सांगितला. ते म्हणाले, "आमचा नारळ तुमच्याकडे पडलाय का?" आणि घेऊन गेले.

तर गाडीचं घेतलं. नारळापुढे कापडाचं काय चालणार, पण मनाला बरं वाटतं.

विमेवाल्यांच्या कव्हरचा अनुभव आम्हाला तसा घरातच आहे. आमची चाळीसेक कलमं आहेत हापूसची. त्यांचा हवामानावरचा फळपीक विमा उतरवतो. ह्यात झाडावर किती आंबे उरले ते बघायला कोणी येत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावरच्या यंत्रात अवकाळी पाऊस किती, तापमान किती, वारा किती ह्याची नोंद होते आणि त्या आकड्यांवर भरपाई ठरते. हिशेब चोख आहे. फक्त पावसाने आमच्या कलमांवर पडून भागत नाही, त्या यंत्रावरही पडावं लागतं. एका वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे मोहोर काळा पडेपर्यंत पाऊस आला आणि यंत्राकडे लख्ख ऊन. आई म्हणाली, "आपली कलमंच तिकडे नेऊन लावू." हल्ली मी काही फळांना लहानपणीच कागदी पिशव्या घालतो, फळमाशी लागत नाही आणि डागही कमी पडतात. हे एकच कव्हर असं, की ज्याला अटी लागू नसतात. वर्तमानपत्राचंही चालतं.

वर्तमानपत्रावरून आठवलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. ते किनाऱ्याला लागलं रायगडात, श्रीवर्धनच्या बाजूला, पण दापोली-मंडणगडालाही त्याने सोडलं नाही. दुपारी आम्ही माजघरात बसून आमचीच कौलं उडताना ऐकत होतो. ती एकेक करून जात नाहीत, पत्त्यांसारखी पिसत जातात. वारा पडल्यावर वर बघितलं तर देवघरातून आभाळ दिसत होतं. आजोबांच्या हातची पोफळीची बाग आडवी. दोन-तीन दिवसांनी कॅमेरेवाली मुलं आली. "आम्ही वादळ कव्हर करतोय," म्हणाली. मी म्हटलं, वादळ राहू द्या, घर कव्हर करा. त्यांना ते वाक्य आवडलं, परत एकदा कॅमेऱ्यासमोर म्हणायला लावलं. ताडपत्री तेव्हा बाजारात नावालाही मिळत नव्हती. आईने आणि मी मागच्या झावळ्या विणून झाप केले आणि देवावर टाकले.

असो. पाच प्रकारची कव्हरं, सुकट आणि खडेमीठ घेऊन मी घरी पोचलो. वाटेत बंदरावर होड्या वर ओढून शाकारून ठेवल्या होत्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे 61 दिवस होडीलाही घरी बसून राहायचं असतं. होडीचं कव्हर मी घेतलं नाही, आमच्याकडे होडी नाही.

आईने ओटीवर सगळं मांडून बघितलं. वॉशिंग मशीनच्या फुलांवरून हात फिरवला.

"हे सगळं माझ्यासाठी?"

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, बरणीचं म्हटलं होतं मी! बरणीचं कव्हर!"

"बरणीला झाकण असतं. कव्हर कुठे असतं?"

"आई म्हणाल्या, दादऱ्याला फडकं हवंय, लोणच्याच्या बरण्यांना. तुम्हाला दादरा कळायचा नाही म्हणून मी कव्हर म्हटलं. मागच्या वर्षी दादरा म्हटलं तर तुम्ही गाऊन दाखवलात."

हे खरं होतं. सहा मात्रांचा दादरा मला माहीत आहे. बरणीच्या तोंडावर फडकं बांधतात त्यालाही दादरा म्हणतात, हे पन्नाशीला आलो तरी माहीत नव्हतं. मग माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी आईची तोंडी परीक्षाच घेतली.

"उशीचं कव्हर?"

"अभ्रा."

"गादीचं?"

"खोळ."

"पोथीचं?"

"बासन."

"तंबोऱ्याचं?"

"गवसणी. बैलाची झूल, पेनाचं टोपण, तलवारीची म्यान. आणखी विचार."

"मोबाईलचं?"

ती थोडा वेळ थांबली. "त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. तो तुमचा."

तिच्या शब्दांत एक सोय होती. नुसता अभ्रा म्हटला की उशी दिसते, झूल म्हटली की बैल दिसतो. रेंज कितीही तुटू दे, दुकानदार "कसलं?" असं विचारणारच नाही. अर्थात दापोलीच्या बाजारात जाऊन "एक गवसणी द्या" म्हटलं असतं तर त्याने मला कुठलं दुकान दाखवलं असतं ते सांगता येत नाही.

आणलेल्यातलं एकही कव्हर बरणीच्या कामाचं नव्हतं, कुठलं प्लास्टिक, कुठलं शिवलेलं. लोणच्याला जरा वारा लागतो म्हणे. आईने माझ्या खिशातला मोठा सुती रुमाल काढून घेतला, धुतला, वाळवला आणि सुतळीचे तीन वेढे देऊन बरणीच्या तोंडावर ताणून बांधला. टिचकी मारली तर डग्ग्यासारखा वाजला.

रात्री वीज गेली. शाळेचा जाडा कोश घेऊन कंदिलापाशी बसलो. 'कव्हर' ह्या शब्दाचं मूळ तरी बघावं, इतकी वर्षं पगार खाल्लाय त्याचा. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलेला. इतपत ठीक होतं. पण पुढे सापडलं की कर्चिफ, म्हणजे रुमाल, हे मूळचं फ्रेंच 'कुव्र-शेफ', डोकं झाकणारं. आणि कर्फ्यू म्हणजे 'कुव्र-फ', विस्तव झाका. जुन्या युरोपात रात्री घंटा वाजायची आणि लोक चुलीतला विस्तव झाकून ठेवायचे, आग लागू नये म्हणून. मी हे मोठ्याने वाचलं. आई चुलीपुढेच होती, दिवसाचे शेवटचे निखारे राखेखाली सारत होती.

"सकाळी फुंकलं की पेटतो," ती म्हणाली. "त्यांच्याकडे त्याला घंटा लागते?"

मृगाने ह्या वेळी तारीख पाळली. सकाळी पडवीतून बघतो तर शेजारची काकी गाय सोडायला पाणंदीने चालली होती. पूर्वी तिच्याकडे इरलं होतं, बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं. डोक्यापासून पाठीपर्यंत झाकायचं आणि लावणीला दोन्ही हात मोकळे राहायचे. ते मोडल्याला बरीच वर्षं झाली. आज तिच्या डोक्यावरून पोटरीपर्यंत काहीतरी चौकोनी उभं होतं. निळ्या फुलांचं.

"आईंनी दिलं वो, मास्तर," ती आतून ओरडली. "लय झ्याक हाय. फकस्त ही चेन तेवढी आतून लागत न्हाय."