‘अजून आलं नाही’ आणि ‘आता येणार नाही’, आरला दोन्ही सारखंच!

रात्री १ वाजून ४० मिनिटं ते सकाळी ६ वाजून १० मिनिटं. साडेचार तास. सेकंदाला एक ओळ, म्हणजे १६,२०० नोंदी. गेल्या त्या. डिस्क भरली नव्हती, वीज गेली नव्हती, नेटवर्क पडलं नव्हतं. समोरचं यंत्र रात्रभर इमानेइतबारे तापमान आणि कंपनाचे आकडे मोजत होतं, पण ते ऐकायला कुणी नव्हतं. आर या संख्याशास्त्राच्या भाषेत लिहिलेल्या माझ्या प्रोग्रामने १:४० ला डेटा संपला असं परस्पर ठरवलं आणि तो बंद झाला. एरर नाही, वॉर्निंग नाही, एक्झिट कोड शून्य. काम व्यवस्थित पार पडलं की जो कोड मिळतो, तोच.

झालं होतं एवढंच, की यंत्र अधूनमधून पाचेक सेकंद थांबून स्वतःची तपासणी करतं. माझा लूप, म्हणजे पुन्हापुन्हा चालणारा कोड, दर दोन सेकंदांनी उठून जे आलं असेल ते वाचत होता, आणि हाती रिकामं आलं की थांबत होता. फाइल वाचताना सगळे हेच करतात. वाचत राहा, काही मिळालं नाही की संपलं. पुस्तकांत हेच, मदतीच्या पानांवरच्या उदाहरणांत हेच. त्या पाच सेकंदांत रीडलाइन्सने, म्हणजे ओळी वाचणाऱ्या फंक्शनने, मला कॅरॅक्टर झीरो दिला, म्हणजे शून्य लांबीचा व्हेक्टर, एकही ओळ नसलेली यादी. समोरच्याने कनेक्शन कायमचं बंद केलं असतं तरी हाच कॅरॅक्टर झीरो मिळाला असता. ‘अजून आलेलं नाही, जरा थांब’ आणि ‘आता कधीच येणार नाही, आवरतं घे’ या दोन टोकांच्या गोष्टींना एकच उत्तर! घरातलं माणूस उशिरा येणार आहे की येणारच नाही, हे विचारल्यावर कुणी दोन्हीला नुसतं गप्प बसून राहिलं तर आपण ते चालवून घेऊ का?

तीन दिवस मी यात घालवले आहेत आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

पहिल्या दिवशी सुरुवात साधी होती. यंत्राच्या जुन्या नोंदींची फाइल घेतली, रीडलाइन्सने वाचली, आकडे वेगळे केले, आलेख काढला. अर्ध्या तासात सगळं झालं. मग फाइलच्या जागी सॉकेटकनेक्शन, म्हणजे नेटवर्कवरून यंत्राशी थेट जोडणी, दिलं. आरची ही कनेक्शनची कल्पना डिसेंबर २००० मधल्या १.२.० आवृत्तीपासून आहे, आणि तिचं वचनच हे आहे की फाइल असो, वेबपत्ता असो, पाइप असो की सॉकेट, वाचणारं फंक्शन तेच. कल्पना सुंदर आहे, मला मनापासून आवडते. पण इथेच घोडं पेंड खातं. फाइलला शेवट असतो. प्रवाहाला नसतो. रीडलाइन्सला किती ओळी वाचायच्या ते सांगितलं नाही, तर तो आकडा उणे एक धरला जातो, म्हणजे शेवटपर्यंत वाच. मी ब्लॉकिंग, म्हणजे डेटा येईपर्यंत अडून राहणं, चालू ठेवून तसंच वाचायला लावलं. शेवट येणारच नव्हता, त्यामुळे फंक्शन परतही येणार नव्हतं. सेशन गोठला. आर एका वेळी एकच काम करतं, त्यामुळे रीडलाइन्स अडकून बसलं की पुढचा हिशेबही अडकतो आणि आलेखही जागचा हलत नाही. मी वीस मिनिटं पडद्याकडे बघत बसले होते, यंत्रातच बिघाड आहे असं समजून.

मग ब्लॉकिंग बंद केलं. त्यावरून आठवलं, फाइल आणि यूआरएल यांत ब्लॉकिंग मूळचं चालू असतं आणि सॉकेटकनेक्शनमध्ये मूळचं बंद! एकाच मदतीच्या पानावरची ही भावंडं, आणि त्यांचे स्वभाव उलटे. रीडलाइन्स लिहिलंय एका ठिकाणी, ते कसं वागणार हे ठरतं चाळीस ओळी आधी, कनेक्शन उघडताना. कोड वाचणाऱ्याला त्या ओळीकडे बघून काहीही कळत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. इझइन्कम्प्लीट नावाचं एक फंक्शन आहे. रिकामं उत्तर आल्यावर ते विचारायचं. वाचताना डेटा अजून यायचा असल्यामुळे थांबावं लागलं असेल तर ते ट्रू देतं. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, १६,२०० ओळी गेल्यावर. हे कुठे सांगितलंय? ज्या पानावर फाइल, यूआरएल, तीन-चार प्रकारच्या झिप, पाइप, फिफो आणि सॉकेट या सगळ्यांची माहिती एकत्र कोंबली आहे, त्या लांबलचक पानात दोन-तीन ओळींत. नावावरून काय कळतं? अपूर्ण आहे का. काय अपूर्ण? ओळ? कनेक्शन? शिवाय लिहिण्याच्या कनेक्शनवर हेच फंक्शन दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतं, बफरमधला, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातला, मजकूर अजून पाठवायचा राहिलाय का याचं. प्रोग्रामचा जीव ज्या एका प्रश्नावर टांगलेला आहे, त्याचं उत्तर असं कोपऱ्यात ठेवायचं?

आणि तेही भरवशाचं नाही! टीसीपी या नेटवर्कवर डेटा पोचवणाऱ्या प्रोटोकॉलला ओळ ही गोष्टच माहीत नाही, तो फक्त बाइट एकामागून एक पोचवतो. त्यामुळे ‘तापमान ४१.७’ मधलं ‘तापमान ४’ आत्ता येतं आणि ‘१.७’ पुढच्या खेपेला. ब्लॉकिंग नसलेल्या टेक्स्ट कनेक्शनवर रीडलाइन्स ही अर्धी ओळ गुपचूप मागे ढकलतं आणि पूर्ण झाल्यावर देतं. हे वागणं योग्य आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण समोरच्याने ओळ अर्धी असतानाच कनेक्शन तोडलं तर? ती अर्धी ओळ तशीच मागे ढकलली जाते, आणि इझइन्कम्प्लीट ट्रूच म्हणत राहतं. म्हणजे थांब, अजून यायचंय. जे कधीच येणार नाही त्याची वाट बघत लूप फिरत बसतो. आधी वाट बघायची होती तेव्हा प्रोग्राम निघून गेला, आता निघायचं आहे तर हलत नाही.

समोरच्या यंत्राची वीज अचानक गेली तर परिस्थिती आणखी वाईट. निरोप घ्यायलाच कुणी उरत नाही, आणि आपल्या बाजूला कनेक्शन जिवंतच दिसतं. यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडे कीपअलाइव्ह नावाची सोय असते. लिनक्सवर ती मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी पहिली चौकशी करते, तीही प्रोग्रामने ती चालू केली असेल तरच. आरच्या सॉकेटकनेक्शनमध्ये ऑप्शन्स नावाची जागा आहे, पण तिथे आजवर एकच गोष्ट चालते, नो-डिले, म्हणजे छोटे तुकडे अडवून न ठेवता लगेच पाठवणं. कीपअलाइव्ह मागायची सोयच नाही.

टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मुदत, आहे, पण तो ब्लॉकिंग कनेक्शनसाठी. मूळचा आकडा ६० सेकंद, आणि तो येतो कुठून, तर फाइल डाउनलोड करण्याची मुदत ज्या सेटिंगमध्ये असते त्याच सेटिंगमधून. मोठी फाइल उतरवायची म्हणून कुणी तो आकडा वाढवला, की नंतर उघडलेल्या सॉकेटचं वागणंही बदललं. चालू सॉकेटचा टाइमआउट बदलण्याची सोय यायला २०२० सालची ४.०.० आवृत्ती उजाडावी लागली. पोर्टवर ऐकत राहून एकामागून एक ग्राहक, म्हणजे जोडू पाहणारे दुसरे प्रोग्राम, स्वीकारण्याची रीतसर सोयही त्याच आवृत्तीत आली. त्याआधी एक ग्राहक आत आला की ऐकणारं दार आपोआप बंद व्हायचं.

मी मध्ये बाइटच वाचायचं ठरवून पाहिलं, की निदान सगळं आपल्या हातात राहील. अंशाचं चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरांच्या संकेतपद्धतीत दोन बाइटचं असतं. एक बाइट एका खेपेत, दुसरा पुढच्या. मजकुरात रूपांतर करताना सगळं मुसळ केरात. पुन्हा ओळी स्वतः जोडा, शिल्लक बाइट स्वतः सांभाळा. जेसनलाइट या पॅकेजमधलं, प्रवाह वाचणारं स्ट्रीमइन पाहिलं, तर ते मुळात ५०० ओळींची पानं करून देतं. सेकंदाला एक ओळ असेल तर पहिल्या पानासाठी आठ मिनिटांहून जास्त थांबा. पेजसाइझ बदलता येतो, पण हे आधी माहीत हवं ना.

आणि आलेल्या ओळी साठवायच्या कशा? सगळीकडे दिसणारी पद्धत म्हणजे आरमधल्या ‘सी’ नावाच्या जोडणाऱ्या फंक्शनने जुन्या व्हेक्टरला नवी ओळ जोडायची. प्रत्येक वेळी अख्खा व्हेक्टर नव्याने कॉपी होतो. दिवसाच्या ८६,४०० ओळींसाठी ३७३ कोटींच्या आसपास घटकांची उचलठेव. जागा आधी राखून ठेवा, क्रमांकाने भरा, एवढं सोपं आहे, पण नवशिक्याला कुणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त संताप मात्र सल्ले देणाऱ्यांचा येतो. “आर त्यासाठी नाहीच, दुसऱ्या भाषेत वाच, फाइलमध्ये टाक, मग आरमध्ये घे.” का? संख्याशास्त्राला चालू प्रवाह वर्ज्य आहे का? सरासरी आणि विचरण एकेक आकडा येईल तसं अद्ययावत करण्याची वेलफर्डची रीत १९६२ साली छापून आली. तिला फक्त तीन आकडे लक्षात ठेवावे लागतात. नियंत्रण आलेखाची कल्पना १९२४ ची, आणि ती तर चालू यंत्रावर नजर ठेवण्यासाठीच जन्मली. हा सगळा विचार ज्या भाषेत सर्वांत चांगला मांडता येतो, त्याच भाषेत चालू यंत्राची ओळ नीट वाचता येऊ नये? मला ही भाषा आवडते म्हणून मी चिडले आहे. आवडत नसती तर पहिल्याच दिवशी सोडून गेले असते.

आत्ता जे चाललंय ते असं. सॉकेटसिलेक्ट हे फंक्शन सॉकेटवर काही येण्याची जास्तीत जास्त दहा सेकंद वाट बघतं, त्यामुळे लूप रिकामा फिरून प्रोसेसर तापवत नाही. वाचण्यासारखं काही आहे म्हणालं की रीडलाइन्स. रिकामं आलं आणि इझइन्कम्प्लीट फॉल्स असेल तर कनेक्शन बंद करून नवं उघडायचं, आणि जुनं आठवणीने बंद करायचंच, कारण मूळच्या मर्यादेत एकूण १२८ कनेक्शन असतात आणि त्यातली तीन आर स्वतःकडे ठेवतं. तीस सेकंदांत एकही पूर्ण ओळ आली नाही तर इझइन्कम्प्लीट काहीही म्हणो, समोरचा गेला असं धरायचं. प्रत्येक ओळीवर वेळेचा शिक्का, आणि प्रत्येक शांततेची वेगळी नोंद. साठेक ओळींचा कोड झाला. रीडलाइन्सने शेवट झाल्यावर वेगळं उत्तर दिलं असतं तर यातला अर्धा लागला नसता.

दोन रात्री तो नीट चाललाय. पण त्या रात्रीच्या आलेखात १:४० पासून ६:१० पर्यंत कोरी पट्टी आहे. सकाळी पहिली जी ओळ आली, तिच्यातलं कंपन रात्रीच्या शेवटच्या ओळीपेक्षा बरंच जास्त होतं. ते हळूहळू चढत गेलं की एका क्षणात उसळलं, हे मला विचारताहेत, आणि माझ्याकडे उत्तर नाही.