‘अ‍ॅडोलेसन्स’ आणि साउथपोर्ट: एक जावईशोध

मार्च २०२५ मध्ये ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि आठवड्याभरातच एक्सवर एक दावा फिरायला लागला. ही मालिका इंग्लंडमधल्या साउथपोर्टच्या हत्याकांडावर बेतलेली आहे, खरा खुनी काळा स्थलांतरित होता, निर्मात्यांनी मुद्दाम त्याला गोरा केला, तेव्हा हा सरळसरळ गोऱ्यांविरुद्धचा प्रचार. इलॉन मस्कने त्याखाली ‘वॉव’ लिहिलं, मग काय विचारता! अजूनही कोणी ना कोणी तो पुढे ढकलत असतंच.

आधी तारखा पाहू. साउथपोर्टचा हल्ला झाला २९ जुलै २०२४ ला. मालिकेचं चित्रीकरण त्याच जुलैत सुरू झालं होतं, म्हणजे पटकथा आणि नटांची निवड त्याच्या कितीतरी आधीची. ‘मग ऐन वेळी बदललं असेल’ म्हणणाऱ्यांनी ही मालिका कशी चित्रित झाली ते बघावं. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये, मध्ये कट नाही. एका भागाला तीन आठवडे, त्यातले दोन निव्वळ तालमीचे. कॅमेरा कुठल्या दारातून शिरणार, कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाणार, सगळं बसवलेलं. तिसरा भाग सर्वांत आधी चित्रित झाला: एक खोली, समोरासमोर खुनाचा आरोप असलेला मुलगा जेमी आणि मानसशास्त्रज्ञ. त्यात जेमी झालेल्या ओवेन कूपरला खरोखरच जांभई आली आणि मानसशास्त्रज्ञ झालेल्या एरिन डोहर्टीने ‘मी तुला बोअर करतेय का?’ असं विचारून ती सांभाळून घेतली. मोकळीक असलीच तर ती एवढी. पेपरात बातमी वाचून अख्खी गोष्ट फिरवायला इथे जागा नव्हती.

‘पण घटना तर तीच आहे ना?’ नाही. साउथपोर्टमध्ये सतरा वर्षांचा मुलगा टेलर स्विफ्टच्या गाण्यांवरच्या नृत्यवर्गात शिरला आणि त्याने ओळखपाळख नसलेल्या सहा, सात आणि नऊ वर्षांच्या तीन मुलींना मारलं. आणखी आठ मुलं आणि दोन मोठी माणसं जखमी झाली. मालिकेतला जेमी तेरा वर्षांचा. त्याच्यावर आरोप आहे तो शाळेतल्याच केटीच्या खुनाचा, आणि त्यामागे इन्स्टाग्रामवरचे टोमणे, इमोजी, मुलांच्या जगातली ती सांकेतिक भाषा. दोन्हींत समान काय, तर सुरा आणि मुलगा. याला आपल्याकडे बादरायण संबंध म्हणतात.

बीज कुठून आलं हे मालिकेचा सहलेखक आणि नट स्टीफन ग्रॅहॅमने स्वतःच सांगितलं आहे. २०२१ मध्ये लिव्हरपूलला बारा वर्षांच्या मुलीचा खून झाला, २०२३ मध्ये दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला पंधरा वर्षांच्या मुलीचा. मारेकरी दोन्हीकडे अल्पवयीन मुलगेच. आता एक कबूल करायला हवं: क्रॉयडनचा गुन्हेगार काळा होता. म्हणून ‘बघा, रंग बदललाच की’ असं कोणी म्हणेल. पण जेमी हे त्या मुलाचं चित्र नाहीच. मूळ चेहराच एक नसेल तर बदलला कोणाचा? सहलेखक जॅक थॉर्नचंही म्हणणं हेच की गोष्ट वंशाची नाही, मुलगेपणाची आहे.

आणि ‘स्थलांतरित’ हा शब्द तर जुनाच खोटेपणा. साउथपोर्टचा हल्लेखोर वेल्समधल्या कार्डिफला जन्मलेला, आईवडील रवांडाचे. हल्ल्यानंतर काही तासांत तो बोटीतून आलेला निर्वासित असल्याची अफवा एका बनावट नावासकट पसरली, दुसऱ्या दिवशी साउथपोर्टच्या मशिदीवर जमाव चालून गेला आणि पुढे शहराशहरांत दंगली झाल्या. तिथे अल्पवयीन आरोपीचं नाव न्यायालय सहसा उघड होऊ देत नाही. अफवा इतक्या माजल्या की १ ऑगस्टला लिव्हरपूलच्या न्यायाधीशांना ते उघड करण्याची परवानगी द्यावी लागली. त्याला अठरा पूर्ण व्हायला तेव्हा जेमतेम आठवडा होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याला जन्मठेप झाली, किमान ५२ वर्षांची.

‘खऱ्या गुन्ह्याचं नाव घ्यायची हिंमत नाही’ हा शेवटचा आरोप तर हास्यास्पद आहे. ब्रिटिश टीव्हीवर नावागावासकट मालिका येतातच. ‘डेस’मध्ये डेनिस निल्सन आहे, ‘द पेम्ब्रोकशायर मर्डर्स’मध्ये जॉन कूपर, दोघेही खरेखुरे खुनी. ‘यॉर्कशायर रिपर’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या खुन्यावरच्या मालिकेचं नाव तर पीडितांच्या कुटुंबीयांनी हरकत घेतल्यावर बदलून ‘द लाँग शॅडो’ केलं गेलं. लहान मुलांच्या बाबतीत मात्र काल्पनिक गोष्ट हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा रस्ता असतो, कारण खरं नाव छापायलाच बंदी असू शकते.

गोंधळाचं थोडं माप निर्मात्यांच्या चाहत्यांच्याही पदरात टाकायला हवं. खुद्द पंतप्रधान स्टार्मर बोलण्याच्या ओघात या मालिकेला ‘डॉक्युमेंटरी’ म्हणून गेले. आणि मालिकेवर टीका करायचीच असेल तर खरी जागा वेगळी आहे. चार भागांत केटी आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. ते मालिकेलाही माहीत आहे. दुसऱ्या भागात तपास अधिकारी फ्रँक शाळेत उभी राहून वैतागाने तेच बोलून दाखवते: जेमी सगळ्यांच्या लक्षात राहील, केटी कोणाच्याच नाही.