डोक्याच्या मापावरून अक्कल ठरवणाऱ्या मेसेजला उत्तर

परतवाडा-धारणी पट्ट्यातल्या पालकांच्या आणि शिक्षकांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. माणसाच्या पूर्वजांच्या सगळ्या कवट्या बनावट आहेत. मेंदू सडून जातो, त्यामुळे लाखो वर्षांपूर्वीच्या मेंदूचं माप घेताच येत नाही. माणूस पहिल्यापासून मोठ्या मेंदूचाच होता. आणि ज्याचं डोकं मोठं त्याची अक्कल मोठी, म्हणून जंगलातल्या लोकांना शिकवून उपयोग नाही. मी इथे विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गात कोरकू आदिवासी मुलं बसतात. त्यामुळे गप्प राहणं मला शक्य नाही.

कवट्या बनावट असल्याचा पुरावा म्हणून मेसेजमध्ये इंग्लंडच्या पिल्टडाऊनचं नाव आहे. ती फसवणूक खरीच होती. १९१२ साली जाहीर झालेली ती कवटी माणसाची होती आणि जबडा ओरांगउटानचा. दात कानशीनं घासलेले, हाडं रंगवलेली. १९५३ साली हे उघड झालं ते हाडांच्या रासायनिक तपासणीतून, म्हणजे विज्ञानाच्याच हातून. पण एक कवटी खोटी निघाली म्हणून इथिओपिया, केनिया, दक्षिण आफ्रिका, जॉर्जिया, जावा इथल्या सगळ्याच खोट्या कशा ठरतात? आपल्या शेजारचंच बघा. मेळघाट ओलांडून बैतूलकडून पुढे गेलं की नर्मदा लागते. तिच्या काठी हथनोरा गावाजवळ १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला.

आता मापाचा मुद्दा. मेंदू सडतो हे खरं, पण तो जिथे होता ती पोकळी उरते. दक्षिण आफ्रिकेत टाँग इथल्या चुनखडीच्या खाणीतून १९२४ साली लाखो वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाची, आपल्या पूर्वजांच्या गोतातल्या, कवटी शरीररचनेचे अभ्यासक रेमंड डार्ट यांच्याकडे आली. वणी-कोरपन्याकडच्या खाणी ज्यांनी पाहिल्यात त्यांना तो दगड ओळखीचा आहे. त्या कवटीच्या पोकळीत चुन्याचा गाळ भरून घट्ट झाला होता. साच्यात ओतलेला गूळ जसा साच्याचाच आकार घेतो, तसा त्या गाळानं मेंदूचा आकार घेतला होता. वळ्या आणि रक्तवाहिन्यांच्या खुणासुद्धा त्यावर दिसतात. माप निघालं सुमारे ४०० घन सेंटिमीटर, चिंपांझीच्या जवळपास. कवटी रिकामी सापडली तर पूर्वी तीत दाणे भरून मोजायचे. आता सीटी स्कॅन करतात, आणि अर्धीच बाजू मिळाली असेल तर तिची आरशातली प्रतिमा जोडून पूर्ण आकार काढतात. अंदाजात फरक पडतोच. हथनोऱ्याच्या कवटीसाठी ११५५ पासून १४२१ घन सेंटिमीटरपर्यंत आकडे दिले गेलेत, आणि ही तफावत कुणी दडवलेली नाही.

मोठा मेंदू पहिल्यापासून होता, हे तर टाँगच्या मुलानंच खोडून काढलंय. इथिओपियात १९७४ साली जिचा सांगाडा सापडला ती ल्युसी, आपल्या पूर्वजांच्या गोतातली, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. मेंदू लहान, पण ती दोन पायांवर चालायची. टांझानियात लाएतोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेले पायाचे ठसे त्याहूनही जुने आहेत. म्हणजे आधी चाल आली, मेंदू खूप नंतर वाढला. पिल्टडाऊनवर लोकांनी इतकी वर्षं विश्वास ठेवला त्याचं एक कारण हेच, की मेंदू आधी मोठा झाला असणार असं त्यांनी मनात धरलं होतं. मेसेज लिहिणारा ज्या फसवणुकीवर बोट ठेवतो, तिच्याच समजुतीवर तो पुढे उभा आहे.

चौथा मुद्दा सगळ्यात घातक आहे आणि तो नवा नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सॅम्युएल मॉर्टननं कवट्यांत मोहरी भरून वंशांची उतरंड लावली. दाणे दाबून भरले की माप बदलतं, म्हणून पुढे त्यानं शिशाचे छर्रे वापरले. आमच्या पोरांनी करवंटीत मोहरी आधी सैल आणि मग ठोकून भरली, मोजपात्रात ओतली, तेव्हा त्यांनाही हा फरक दिसला. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातींची प्रतवारी मांडली. मेसेजमधली भाषा तिथून आलीय.

डोकं मोठं म्हणजे अक्कल मोठी, हेही टिकत नाही. निअँडरथल या नामशेष झालेल्या आदिमानवाचा मेंदू आपल्याएवढा, कधी आपल्याहून मोठा होता. इस्रायलमधल्या अमूद गुहेतल्या एका कवटीत तो १७४० घन सेंटिमीटरच्या आसपास आहे. आपली सरासरी १३५० च्या घरात. नोबेल मिळालेल्या अनातोल फ्रान्स या लेखकाचा मेंदू साधारण एक किलोचा भरला, तुर्गेनेव्हचा दोन किलोचा. दोघंही थोर लेखक. आजच्या माणसांत मेंदूचा आकार आणि बुद्धीच्या चाचण्या यांचा संबंध इतका क्षीण आहे की एका मुलाचं डोकं मोजून त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही, मग एका अख्ख्या समाजाबद्दल तर बोलायलाच नको. तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर डॉक्टर मोजतात तो वाढ नीट होते का हे बघायला. मेळघाटात तो कमी भरला तर बाळाच्या आणि आईच्या पोटात काय जातं हे विचारायला हवं.

मेसेज फिरल्यावर आठवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "सर, माह्यं डोकं लहान हाय, त मले गणित नाही जमणार काय?" वर्गातल्या बाकीच्यांना गुणोत्तर-प्रमाण समजावून सांगणारी ही मुलगी. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत काही शिक्षकही आहेत. ज्या गटात तो टाकला, त्याच गटात, त्याच पालकांसमोर त्यांनी तो चुकीचा आहे असं लिहावं. मुलांनी तो वाचलाय.